कमी फेऱ्यांचं स्टेअरिंग

भावाचा फोन आला तेव्हा मी अंबाजोगाईच्या घरी, गच्चीवर, गहू वाळत घालत होते. "ताई, दादांच्या जीपला नवीन स्टेरिंग बॉक्स बसवला," तो म्हणाला. "जुन्या गाड्यांसाठी पुण्यात खास बनवतेत, तिथून मागवला. आधी चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायला पाच फेरे लागायचे, आता तीनच्या आत काम. फेरे कमी, कष्ट कमी. दादांच्या खांद्याला लई आराम पडंल बघ."

मला त्याचं कौतुक वाटलं. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे त्याच्याविषयी चांगलं लिहायची वेळ फारशी येणार नाही.

दादा म्हणजे आमचे वडील. धारूरचा घाट उतरून माजलगावच्या बाजूला आलं की थोड्या अंतरावर आमचं गाव लागतं. दादांची जीप कुठल्याशा सरकारी ऑफिसच्या लिलावातली. माझ्या जन्माआधी घेतलेली, म्हणजे घरातल्या मुलांमध्ये थोरली तीच. पोरगी म्हणून मला जे ऐकावं लागलं ते तिला कधी ऐकावं लागलं नाही. वर ताडपत्री, बाजूला दारं नाहीत, आणि स्टेअरिंग असं की वळणाच्या आधीच फिरवायला सुरुवात करावी लागायची. शेजारी बसलेल्या नवख्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याला वळण दिसलंच नाही. दादा म्हणायचे, "हिला आधी सांगावं लागतं. मग ती इचार करती. मग वळती." त्यांचा स्वतःचा स्वभावही असाच असल्यामुळे दोघांचं बरं जमलं.

या जीपमधून काय काय गेलं ते सांगत बसले तर हे लिखाण संपायचं नाही. कडबा गेला, पेंड गेली, गावातल्या अडलेल्या बायका अंबाजोगाईच्या दवाखान्यात गेल्या, माझ्या लग्नातली भांडी गेली. पण दादांचा खरा दिवस म्हणजे धारूरच्या बाजाराचा. त्यांचा एक धनगर मित्र आहे, लहानपणापासूनचा. त्याची दोन-चार शेरडं मागे, तो पुढे दादांच्या शेजारी, आणि दोघं घाट चढून बाजाराला. शेरडं विकली गेली तर ठीक, नाही गेली तर तीच परत घेऊन यायची. दोघांना त्याचं फारसं काही वाटायचं नाही. किल्ल्याच्या वाटेवरच्या हॉटेलात बसून कपातला चहा बशीत ओतून प्यायचा आणि गावात ज्यांच्याशी बोलत नाहीत त्यांच्याविषयी बोलायचं, हे खरं काम. घरी आल्यावर आई विचारायची, काय आणलं? दादा म्हणायचे, काय न्हाई. आणि चेहरा मात्र खूश असायचा.

दोन वर्षांपूर्वी दादा गोठ्यात पाय घसरून पडले आणि उजवा खांदा निखळला. अंबाजोगाईला माझ्याच घरी राहून उपचार झाले. खांदा बसला, पण हात छातीच्या वर जायचा बंद झाला. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर भागवा. घरी गेल्यावर दादांनी पहिलं काम काय केलं असेल, तर जीप काढली. मी त्यांच्या शेजारी बसून पाहिलं आहे ते कसं चालवायचे. डाव्या हातानं चाक थोडं खाली ओढायचं, उजव्या हातानं नुसतं धरून ठेवायचं, परत डावा वर नेऊन थोडं ओढायचं. चाक पाच फेरे घेणारं, सावकाश, पण हलकं. दुखऱ्या खांद्यावर त्याचं ओझं येत नव्हतं. त्या जुन्या, आळशी बॉक्समुळेच दादा पडल्यानंतरही आपली गाडी आपण चालवत होते. दुसऱ्याच्या मागे मोटारसायकलवर बसायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती, आणि त्यांना जगात तेवढंच हवं होतं. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

आता भावाचं सांगते. तो माझ्याहून धाकटा. शेती त्याला आवडत नाही, नोकरी त्याला मिळाली नाही, म्हणून तो समाजसेवा करतो. आमच्या फाट्यावर त्याचा फ्लेक्स लागलेला असतो आणि नावाच्या आधी 'भावी' लिहिलेलं असतं. कशाचा भावी ते दर निवडणुकीला बदलतं. आमच्या भागात सध्या पाहावं तो भावी आहे, चालू असा कोणी सापडत नाही. या भावी लोकांत जुन्या उघड्या जीपची फॅशन आली आहे. मोठे टायर, समोर दिव्यांची रांग, आणि मिरवणुकीत स्वतः चालवत जायचं. एक हात चाकावर, दुसरा लोकांना दाखवायला वर. पण दादांच्या जीपमध्ये हे जमत नव्हतं. पाच फेऱ्यांचं चाक एका हातानं फिरवत बसलं तर माणूस नेता दिसत नाही, रहाट ओढणारा दिसतो. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. मी मात्र गच्चीवर उभी राहून भावाला म्हणाले, "चांगलं केलंस रे."

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी मी गावी गेले. नेहमीप्रमाणे दादा धारूरच्या स्टँडवर घ्यायला आले. जीप चकचकीत झाली होती, रंग नवा, चाकावर काळं कातडं. "बस माय," ते म्हणाले. स्टँडमधून बाहेर निघताना डावीकडे वळायचं होतं. दादांनी डाव्या हातानं चाक ओढलं, ते हललं नाही. मग त्यांनी उजवा हात लावला, दात आवळले, आणि त्यांच्या गळ्याच्या शिरा मला दिसल्या. गाडी वळली. मी म्हणाले, जड आहे का हो दादा? ते म्हणाले, "नवीन हाय. हात बसायला येळ लागतो." घाट उतरताना मला जीव मुठीत धरावा लागला. वेग आला की तेच चाक नको तितकं चपळ व्हायचं, दादांचा हात जरा हलला की गाडी हलायची. त्यांच्या कपाळावर घाम होता. घाट उतरल्यावर ते नेहमी काहीतरी बोलतात, त्या दिवशी घरापर्यंत बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी म्हणाले, आज नका जाऊ. ते माझ्याकडे बघून हसले आणि गेले. मीही गेले, मागे शेरडांबरोबर. पुढे दादा आणि त्यांचा मित्र. बाजाराच्या तोंडाशी एक काटकोनातलं वळण आहे. समोर टेम्पो उभा, बाजूला भाजीवाल्या, मागून मोटारसायकलींची घाई. तिथं गाडी जवळजवळ उभी करून पूर्ण चाक फिरवावं लागतं, आणि चाक सगळ्यात जड तेव्हाच असतं. दादांनी ओढलं. अर्ध्यावर जाऊन ते थांबलं. त्यांनी परत ओढलं. जीप रस्त्याला आडवी झाली आणि तशीच राहिली. मागून हॉर्न सुरू झाले. कोणीतरी ओरडलं, "म्हातारं कशाला चालवतंय रे?" दादांच्या मित्रानं शेजारून चाकाला हात घातला तेव्हा दादांनी त्याचा हात झटकला. मी त्यांना कोणाचा हात झटकताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग भाऊ आला. तो तिथंच चौकात चार पोरांबरोबर उभा होता. "सरका दादा," म्हणाला, आणि त्यांना सीटवरच बाजूला लोटून अर्धा बसला. त्याचे दंड जिममध्ये कमावलेले आहेत. एका हातानं त्यानं चाक फिरवलं आणि दुसरा हात वर करून अडकलेल्या लोकांना, थांबा थांबा, अशी खूण केली, हसत. लोकही हसले. आमच्याकडे माणूस अडचणीत सापडला की आधी त्याचा व्हिडिओ होतो. संध्याकाळी तो व्हिडिओ मोबाइलवर फिरत होता, मागे गाणं, आणि वर लिहिलेलं 'बापाचा आधार'. दादांचा चेहरा त्यात एक क्षण दिसतो. ते स्वतःच्या गाडीत पाहुण्यासारखे अंग चोरून बसले आहेत.

त्या दिवसानंतर दादांनी जीप चालवली नाही. चावी त्यांनी स्वतः भावाकडे दिली. म्हणाले, "हात गेला माझा. आता जोर न्हाई राहिला." भावानं चावी खिशात टाकली. कुठं जायचं असलं की दादांना आता भावाच्या कुठल्यातरी कार्यकर्त्याची वाट बघावी लागते, आणि कार्यकर्त्याला निवडणुकीशिवाय वेळ नसतो. त्यांचा मित्र शेरडं दुसऱ्याच्या टेम्पोत टाकून बाजाराला जाऊ लागला. आधी रोज यायचा, मग कधीमधी येऊ लागला. दादा लिंबाखाली खाट टाकून बसायचे. मी फोन केला की म्हणायचे, "बरं हाय." काय बरं आहे ते सांगायचे नाहीत.

मला ते 'हात गेला' पटत नव्हतं. महिन्याभरापूर्वी ज्या हातानं घाट चढला तो एकदम कसा जाईल? ज्यानं बॉक्स बसवला तो मिस्त्री माजलगावचा, एवढं मला माहीत होतं. मी त्याला गाठलं. बाईमाणूस स्टेअरिंगचं विचारतंय म्हणून तो आधी जरा हसला, मग मी कोणाची मुलगी ते कळल्यावर गंभीर झाला.

"ताई, तुमी धारूरचा घाट चढता ना?" तो म्हणाला. "रस्ता वळणं घेत घेत जातो म्हणून गाडी आरामात चढती. तोच रस्ता सरळ वर नेला तर अंतर कमी हुईल, पण गाडी चढंल का? या बॉक्सचं तसंच हाय. आतलं मळसूत्र बदललं. फेरे कमी झाले, पण प्रत्येक फेऱ्याला जोर जास्त. मिरवणुकीला झकास हाय. म्हाताऱ्या माणसाचं काम न्हाई."

"मग हे तुम्ही माझ्या भावाला सांगितलं नाही?"

तो हातातला पाना पुसत बसला. "सांगितलं की. एकदा न्हाई, दोनदा सांगितलं. ते म्हणले, जड झालं तर झालं. म्हातारा आपोआप सोडंल."

मी पुढचं काही ऐकलं नाही. जुना बॉक्स कुठं आहे एवढं विचारलं. तो टेबलाखाली पडलेला होता, काळ्या तेलानं माखलेला. "ठेवा नीट," म्हणाले, "मी न्यायला येते." आणि तिथून तडक गावी गेले. रस्ताभर मी भावाला काय काय बोलायचं ते जुळवत होते, आणि त्यातलं बरंचसं इथं लिहिता येण्यासारखं नाही.

तो घरातच सापडला. मी सगळं तोंडावर फेकलं. मला वाटलं होतं तो नाही म्हणेल, मिस्त्रीला खोटं पाडेल. तो शांतपणे मोबाइल बाजूला ठेवून म्हणाला, "मग काय घाटात मरू देऊ का त्यांना? ते कोणाचं ऐकतेत का? आईला इचार."

आई चुलीपाशी होती. तिनं मागे वळून न बघता सांगितलं, "मीच म्हणलं त्याला."

मग हळूहळू कळलं ते असं. खांदा निखळल्यानंतर एकदा आई दादांच्या शेजारी बसून घाटातून येत होती. समोरून एसटी आली. दादांना चाक वेळेत फिरवता आलं नाही आणि जीप कठड्याला घासत गेली. दादांच्या लेखी ती किरकोळ गोष्ट होती. आईनं मात्र खालची दरी पाहिली होती, आणि तेव्हापासून प्रत्येक बाजाराच्या दिवशी ती घरात देवापुढे बसून राहायची. भावाला म्हणाली, काहीतरी कर, पण त्यांची गाडी बंद कर. भावाला जीप हवीच होती.

"तू त्यांना सांगायचं ना," मी म्हणाले. "नका चालवू म्हणायचं. तोंड नव्हतं का तुला?"

"उभ्या जन्मात त्यांना नको म्हणलं न्हाई," आई म्हणाली. "आता कसं म्हणू?"

याचं काय करायचं? आईची भीती खरी होती. भावाचा फायदाही खरा होता. दोघांचं एकाच बॉक्समध्ये भागलं. मी भावाला विचारलं, त्या पंधरा-वीस दिवसांत दादा ती जड गाडी घेऊन घाटात गेलेच ना, मी स्वतः शेजारी होते. तेव्हा काही झालं असतं तर? तो म्हणाला, "झालं का काही?" बाजारात त्यांची शोभा झाली त्याचं काय? तो म्हणाला, "लोक इसरतेत." लोक विसरतात यावर या भावी लोकांचा सगळा धंदा चालतो, त्यामुळे तो मनापासून बोलत असावा. संतापानं माझा आवाज चढला. आई म्हणाली, हळू बोल, ते बाहेर बसलेत.

मी ठरवलं, दादांना सगळं सांगायचं. हात गेलेला नाही. या दोघांनी मिळून गाडी जड केली. माणसाला स्वतःच्या अंगाविषयी खोटं पटवायचं, त्याच्या घरच्यांनीच पटवायचं, यापेक्षा घाटात पडणं परवडलं. असं मी तेव्हा मनाशी म्हणाले आणि आजही मला ते फारसं चुकीचं वाटत नाही.

दादा लिंबाखाली खाटेवर होते. दुपार कलली होती. मी शेजारी बसले आणि म्हणाले, "दादा, तुमचा जुना बॉक्स माजलगावला मिस्त्रीकडं आहे. मी बघून आले. परत बसवून घेऊ."

त्यांनी आधी घराकडे पाहिलं. "नको," ते हळू आवाजात म्हणाले.

"तुमचा हात गेलेला नाही, दादा. ऐका माझं. तो बॉक्सच..."

"जड हाय," ते म्हणाले. "मला काय म्हाईत न्हाई का? एवढा जन्म गाडी चालवली. पहिल्याच वळणाला कळलं. हात हाय तसाच हाय."

मी म्हणाले, "मग बोलला का नाहीत?"

दादा खाटेच्या सुंभाशी बोटानं खेळत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान होतं.

"त्याला गाडीतलं काय कळतं?" ते म्हणाले. "त्याला वाटलं, फेरे कमी झाले की बापाचे कष्ट कमी हुतील. एवढ्या लांबून मागवलं. पोरानं पयल्यांदा बापासाठी काही केलं बघ. आता जड केलंस म्हणलं असतं तर तोंड पडलं असतं त्याचं. म्हणून हाताचं नाव सांगितलं." मग ते माझ्याकडे वळले. "तूबी त्याला बोलू नको. आईलाबी सांगू नको. तिला वाईट वाटंल पोराचं."

आतून आईनं चहाला हाक मारली. दादा उठले, उजवा हात दुखत असल्यासारखा जपून पोटाशी धरला, आणि घरात गेले.